सोनी लाल, मोनी हिरवी

नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ जळते दिवस, लागला की नागपूरचा माणूस बदलतो. एरवी पानठेल्यावर तासन्‌तास उभा राहून अख्ख्या देशाचा कारभार सुधारणारा गडी सकाळीच कामं आटोपून घरात शिरतो, डोक्याला दुपट्टा गुंडाळतो, खिशात कांदा टाकतो आणि भेटेल त्याला एकच विचारतो, पारा कुठवर गेला? आमच्या मनीषनगरात तर दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. घराघरांतून कूलरची घरघर तेवढी ऐकू येते आणि नव्या खसचा ओला वास येतो. लोकांना त्या वासानं बरं वाटतं. मी मात्र आमच्या कूलरला खस लावू देत नाही. बाप्पा, किती वर्षं झाली, पण नाही म्हणजे नाहीच.

मी मुळातच भित्री. पालीला भिते, विजेला भिते, फोन अवेळी वाजला तर आधी देवाचं नाव घेते. अशी बाई डॉक्टर झाली कशी, असं माझी आई अजून विचारते. मी रेडिओलॉजी घेतली तीच मुळी ह्या स्वभावामुळे. वाटलं, अंधाऱ्या खोलीत बसायचं, पडद्यावरची चित्रं पाहायची, काय दिसलं ते लिहून द्यायचं. रक्त नाही, रडणं नाही, कोणी आपल्या हातात जीव सोडणार नाही. किती शहाणी होते मी! चित्रातसुद्धा माणूसच असतो, हे मला एका उन्हाळ्यानं शिकवलं. तेव्हा मी इथल्याच एका सरकारी दवाखान्यात शेवटच्या वर्षाला होते, परीक्षा तोंडावर आली होती आणि आमच्याकडे पोटाला पोट जुळलेल्या दोन मुली जन्मल्या होत्या.

त्यांची आई वनिता. माहेर उमरेडचं, विणकरांच्या घरचं. माग केव्हाच बंद पडला होता, पण घरात सुताच्या लडी अजून निघायच्या. नवरा मौद्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला. वनिता माझ्याहून लहान असेल, पण चालताना बोलताना फार थकलेली वाटायची. मुलींची नावं तिनं लगेच ठेवली होती, सोनी आणि मोनी. दवाखान्याच्या प्लास्टिकच्या पट्ट्या त्या एवढ्याशा पायांवर टिकेनात, कातडी लाल व्हायला लागली, म्हणून वॉर्डातल्या सिस्टरनं वनिताच्या आईकडून लुगड्याच्या काठाचं मऊ सूत मागून घेतलं. सोनीच्या घोट्याला लाल, मोनीच्या घोट्याला हिरवं. पुढे सगळा दवाखानाच तसं बोलायला लागला. लाल ढेकर देऊन राहिली, हिरवीचं वजन वाढून नाही राहिलं, असं.

सुताशिवाय त्यांना ओळखणं खरंच अवघड होतं. आपल्याला वाटतं, त्यात काय, एक डावीकडची, एक उजवीकडची. पण त्या दोघी एकमेकींकडे तोंड करून होत्या. ह्या कुशीवर निजवल्या की सोनी डावीकडे, त्या कुशीवर वळवल्या की सोनी उजवीकडे. चेहरे सारखे, जावळ सारखं. पडद्यावर तर आणखी गोंधळ. एकीचं यकृत उजवीकडे हवं, पण ते येऊन दुसरीच्या यकृताला मिळालेलं, मग ह्या पुलाचा कुठला भाग कोणाचा? आमचे सर मला उभं करून विचारायचे, ‘बेटा, हे कोणाचं उजवं?’ आणि मी दरवेळी गडबडायचे. शेवटी मी जुन्या ओढणीच्या दोन बाहुल्या केल्या, पोटाशी टाके घालून एकमेकींना शिवल्या, आणि हॉस्टेलच्या पलंगावर त्यांना उलटंपालटं करत अभ्यास करायला लागले. माझ्या रूममेटनं दोन दिवस सहन केलं. मग म्हणाली, ह्या बाहुल्या तरी राहतील नाहीतर मी तरी. मी त्या पेटीत कोंडल्या. खरं सांगायचं तर मलाही त्यांची भीती वाटायला लागली होती.

दवाखान्यात एक गंमत होती, म्हणजे आज गंमत म्हणायची. बाहेर आग ओकणारं ऊन, वॉर्डातले पंखे गरम हवा फिरवणारे, आणि आमची सीटी स्कॅनची खोली मात्र मशीनसाठी थंडगार. दाराखालच्या फटीतून ती गार हवा बाहेर यायची आणि नातेवाईक तिथे फरशीवर ओळीनं बसायचे. वनिता त्यांच्यातच असायची. बाकीचे थंडाव्याला बसायचे, ती माझी वाट पाहत बसायची. मी बाहेर आले की माझ्या तोंडाकडे पाहायची. विचारायची काहीच नाही. माझं तोंड म्हणजे जणू निकालाचा कागद. मी तिला चुकवून दुसऱ्या दारानं जायला लागले. तिला सांगण्यासारखं माझ्याकडे काही चांगलं नव्हतं.

पहिल्या आठवड्यातच सोनोग्राफीत आम्हाला दिसलं होतं. सोनीचं हृदय छान, आपल्या तालात चालणारं. मोनीच्या हृदयात मोठं छिद्र. हृदय फुगलेलं, दमलेलं. दोघींची हृदयं वेगळी होती, हाच काय तो दिलासा, पण यकृताच्या पुलातून रक्त इकडून तिकडे जात होतं. म्हणजे सोनी स्वतःपुरतं जगत नव्हती, मोनीलाही ओढत होती. असल्या मुलींना काही महिने वाढू द्यायचं आणि मग वेगळं करायचं, ही नेहमीची रीत. इथे तेवढा वेळ नव्हता. मोनी गेली असती तर सोनीही काही तासांत गेली असती, कारण रक्त एकच. सर्जन मॅडमनी राउंडला सगळ्यांसमोर स्पष्ट सांगितलं की लवकर करावं लागेल, आणि हिरवीचा भरवसा नाही. वनिता खाटेच्या पायथ्याशीच उभी होती. आपण डॉक्टर लोक पेशंटसमोर इंग्रजीत बोललो की त्यांना कळत नाही असं समजतो, आणि नेमकी तेवढी एक गोष्ट मॅडम मराठीत बोलल्या होत्या.

मॅडमना माझ्या विभागाकडून एकच हवं होतं. यकृत कुठून कापू, ते सांगा. कुठली शीर कोणाची, कोणती कापली तर चालेल, कोणती कापली तर मूल टेबलावरच जाईल. हे काम सरांचं, पण चित्रं घेणं आणि एकेक शीर शोधून रंगवणं माझ्याकडे आलं. मोठ्या माणसाचं यकृत पाहायची सवय असलेल्या डोळ्यांना ते यकृत दिसतच नव्हतं, एवढं छोटं. त्यातल्या शिरा म्हणजे केसासारख्या. त्या आठवड्यात माझी भूक गेली. ताटात वरण पाहिलं तरी मला त्यात काहीतरी वाहताना दिसायचं. हसू नका, खरंच दिसायचं.

सीटीच्या दिवशी दोघींना पोटभर पाजून, घट्ट गुंडाळून झोपवलं. गुंगीचं औषध द्यायची गरजच पडली नाही. आधी लाल सुतावालीच्या शिरेत चित्रात चमकणारं औषध सोडायचं, ते कुठवर जातं ते पाहायचं. मग ते ओसरू द्यायचं आणि दुपारनंतर हिरवीला द्यायचं. काचेपलीकडे त्या दोघी एकमेकींच्या तोंडाशी तोंड लावून झोपल्या होत्या. एकीचा हात दुसरीच्या कानावर. मशीनच्या त्या मोठ्या गोल भोकात एवढंसं गाठोडं गेलं आणि मला वाटलं, परत नाहीच आलं तर? असले विचार मला नेहमी येतात, मी लक्ष देत नाही. पण त्या दिवशी त्या परत बाहेर येईपर्यंत मी काचेला नाक लावून उभी होते.

चित्रं आली. लाल सुतावालीच्या शिरेतलं औषध तिच्या हृदयात गेलं, चमकलं. मी पाहतच राहिले. ते हृदय मोठं होतं. फुगलेलं. मधल्या भिंतीतून औषध सरळ पलीकडे जात होतं. लाल म्हणजे सोनी, आणि सोनीचं हृदय तर चांगलं होतं.

पहिली गोष्ट मनात आली ती हीच, की मी डावं-उजवं चुकले. मी चित्र उलटं केलं, सुलटं केलं. मनातल्या मनात त्या ओढणीच्या बाहुल्या फिरवल्या. मोठं हृदय लालमध्येच राहिलं. मग वाटलं, सोनोग्राफी चुकली असेल. पण ती सरांनी स्वतः केली होती, मी शेजारी उभी होते. मग तिसरा विचार आला. सोनीचंही हृदय बिघडलं तर नाही? दोघींचीही हृदयं अशीच, तर मग वेगळं करून वाचवायचं कोणाला?

सरांनी चित्रं पाहिली. ते कधी घाबरत नसत, निदान दाखवत नसत. म्हणाले, ‘जा, वॉर्डात जाऊन सोनोग्राफीचा प्रोब ठेव आणि आपल्या डोळ्यांनी पाहा.’ मी पोर्टेबल मशीन ढकलत निघाले. कॉरिडॉरमध्ये बाहेरचं ऊन खिडक्यांतून आत सांडत होतं. लाल सुतावालीच्या छातीवर जेली लावली. मोठं हृदय, मोठं छिद्र. हिरवीच्या छातीवर प्रोब ठेवला. छोटं, घट्ट, टकटक चालणारं हृदय. म्हणजे बिघडलेलं हृदय एकच होतं. फक्त सूत बदललं होतं.

मी प्रोब खाली ठेवून सिस्टरला हाक मारली. कारण ऑपरेशनच्या खोलीत सगळं रंगावर चालणार होतं. लालचे डॉक्टर वेगळे, हिरवीचे वेगळे. लालच्या नळ्यांना लाल पट्टी, हिरवीच्या नळ्यांना हिरवी. कमजोर हृदयाला बेताबेतानं द्यायची औषधं एका रंगाची, चांगल्या हृदयाला भराभर चढवायचं रक्त दुसऱ्या रंगाचं. ते उलटं गेलं असतं तर ज्या मोनीला जपायचं तीच आधी बुडाली असती. सिस्टरला विचारलं, तर ती बिचारी रडायलाच आली. कोणी हात लावला नाही, शपथेवर सांगते, म्हणाली. मी वनिताकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. एवढे दिवस माझ्या तोंडावरून नजर न हटवणारी बाई भिंतीकडे पाहत होती.

मी तिला बाहेर व्हरांड्यात नेलं. ओरडले नाही. विचारलं, तू केलंस का हे? तिनं मागे वळून वॉर्डाच्या दाराकडे पाहिलं. मग बोलली.

‘मी अंग पुसताना बदललं, मॅडम. तुमच्या मॅडम म्हणाल्या ना, हिरवीचा भरवसा नाही. हे सगळ्या लोकांनी ऐकलं. त्यानंही ऐकलं असंन.’

‘कोणी?’

लेकरं नेणाऱ्याचं नाव तिनं घेतलं नाही, सासरची गोष्ट सांगायला लागली. तिच्या सासरी मोठ्या दिराचं नाव धोंडबा. त्याच्याआधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून त्याला दगडधोंड्याचं नाव दिलं, आणि तो वाचला. हे ती मला समजावून सांगत होती, अगदी शांतपणे, जसं मी विद्यार्थ्यांना शिरा समजावते. नेणाऱ्याला पत्ता चुकीचा द्यायचा असतो. सटवाईनं पाचवीला दोघींच्या कपाळावर एकाच रात्री लिहिलं, तिचाही घोळ झालाच असेल.

‘मंग तू सोनीला पुढे केलंस?’ मी विचारलं. मला तिचा राग आला होता, तो ह्याच गोष्टीचा.

‘नाही वं माय,’ ती म्हणाली. ‘मॅडम’ म्हणायचं विसरून गेली ती. ‘सोनी धडधाकट हाये. तो हिरवी म्हणून येईन, पाहीन, इचं काळीज तर चांगलं हाये, असं म्हणून माघारी जाईन. मले दोघीबी पाह्यजेत. मी एकीलेबी काहून देऊ?’

 मी तिला रंगांचं सगळं समजावलं. नळ्या, औषधं, टेबलाभोवतीची माणसं. तुझ्या ह्या सुतानं मोनीला मारलं असतं, असंही म्हणाले. तिनं सगळं ऐकलं, मान हलवली. अडाणी नव्हती ती, दहावी झालेली होती. तिला माझं पटलं, हे मला दिसत होतं. आणि पटूनही तिच्या डोळ्यांतली भीती तसूभर कमी झाली नाही. माझं विज्ञान आणि तिची भीती, दोन्ही तिच्यात शेजारी शेजारी बसली होती. कोणाला खोटं म्हणावं? सीटीला जाताना मी स्वतः पर्समधला अंगारा कपाळाला लावला होता, ते मी तिला सांगितलं नाही.

ऑपरेशन ठरलं ते नेमकं नवतपाच्या तडाख्यात. मी शिरांचा नकाशा दिला होता. लाल रंगानं सोनीच्या, हिरव्यानं मोनीच्या, आणि मधून एक वाकडी रेघ, जिथे दोघींच्याही मोठ्या शिरा नव्हत्या. ती रेघ सरांनी चारदा तपासली. तरीही सकाळी मला वाटत होतं की रेघ चुकली आहे, आता पळत जाऊन थांबवावं. सर्जन मॅडमनी मलाच बोलावून घेतलं. दारातच थांबवून म्हणाल्या, आता सगळ्यांसमोर पुन्हा पाहून सांग, कोण कुठली. वनिता स्ट्रेचरला धरून उभी होती. सीटीनंतर सूत बरोबर केलंच होतं, तरी तिनं आपल्या हातानं ते सोडलं आणि पुन्हा बांधलं, मोनीला हिरवं, सोनीला लाल. हिरवी गाठ तिनं तीनदा सोडली आणि तीनदा बांधली. मी प्रोब ठेवला, दोन्ही हृदयं पाहिली आणि मोठ्यानं म्हणाले, ‘सोनी लाल, मोनी हिरवी. छिद्र मोनीच्या हृदयात.’ तशी पद्धत असते, एकानं म्हटलं की सगळ्यांनी तेच परत म्हणायचं, म्हणजे चूक होत नाही. भूलतज्ज्ञांनी म्हटलं, सिस्टरांनी म्हटलं, रक्त घेऊन आलेल्या ब्रदरनं म्हटलं. सोनी लाल, मोनी हिरवी. तो गजर संपेपर्यंत वनितानं दोन्ही हातांनी स्वतःचे कान दाबून धरले होते.

रेघ बरोबर निघाली. यकृत कापलं, रक्त फारसं गेलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा दोघी दोन खाटांवर निजल्या आणि दोघीही जिवंत होत्या. सगळा दवाखाना पेढे खात होता. माझी भूक परत आली, मी कॅन्टीनमध्ये तर्री पोहे खाल्ले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. काही दिवसांनी मोनीचं हृदय थकलं. एकटीनं ओढायचं ते तिला झेपलं नाही. आम्हाला हे होऊ शकतं हे माहीत होतं, सांगितलंही होतं. तिला नेलं तेव्हा हिरवं सूत पायालाच होतं.

मी वनिताला भेटायला गेले. नसते गेले तर बरं झालं असतं, असं आजही कधी कधी वाटतं. ती सोनीला मांडीवर घेऊन खिडकीतल्या कूलरपाशी बसली होती, नव्या खसचा ओला वास सगळ्या खोलीत होता. मला वाटलं शिव्या देईल, रडेल. तिनं मला बसायला जागा करून दिली. मग म्हणाली, ‘तुम्ही बरोबरच केलं, मॅडम. तसं नसतं केलं तर दोघीबी गेल्या असत्या, मले समजते. पण तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याले तिचं नाव सांगतलं.’

त्यानंतर मी परीक्षा पास झाले, नागपूर सोडलं, दुसऱ्या शहरात नोकरी केली, लग्न केलं. हजारो चित्रं पाहिली. रोज कोणाच्या ना कोणाच्या पोटात, मेंदूत, फुप्फुसात काय आहे ते नाव घेऊन सांगते. पण सांगण्याआधी क्षणभर जीभ अडते. माझ्या ज्युनिअर्सना वाटतं, मॅडम फार विचार करून बोलतात. विचार कसला? मी घाबरते. खोलीत आणखी कोणी ऐकत तर नाही ना, असं वाटतं. शिकलेली बाई आहे मी, हे लिहिताना लाज वाटते, पण वाटतं ते वाटतं. विनाकारण थोडीच मी कूलरला खस लावू देत नाही.

ह्या वर्षी मी परत आले, त्याच दवाखान्यात, आता शिकवायला. आणि ह्याच नवतपात, गेल्या आठवड्यात, वनिता आली. मी ओळखलं नाही, तिनं ओळखलं. केस पिकायला लागलेत, पण ती आता थकलेली वाटत नाही. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत ती पोरीला तपासायला आणते. यकृत, हृदय, सगळं. कागदावर नाव होतं सोनी. मी पाहिलं आणि मला हसूच फुटलं, जिवंत, शाळेत जाणारी सोनी! मी दाराकडे पाहिलं. बाहेर फरशीवर एक लांब वेणीची मुलगी थंड हवेच्या फटीशी तळपाय लावून बसली होती.

वनितानं हाक मारली, ‘मोनी, चाल वं, चप्पल काढ अन् आत ये.’

आणि ती मुलगी उठून आली.

मी वनिताकडे पाहिलं. तिनं नजर वळवली नाही. घरी, शाळेत, गल्लीत सगळे हिला मोनीच म्हणतात, तिनं हळू आवाजात सांगितलं. सोनी फक्त कागदावर.  नेणारा एकदा मोनीला घेऊन गेला, आता मोनीसाठी तो परत कशाला येईल? एवढं तिचं गणित मला कळलं, आणि ते मला चुकीचं ठरवता आलं नाही.

मुलगी पलंगावर झोपली. पोटावर मधोमध उभा व्रण, उंचीबरोबर तोही ताणला गेलेला. यकृत वाढून अगदी गोलसर, पूर्ण. कापलेली कड कुठली, ते माझं मलाही सापडेना. मग मी प्रोब छातीवर नेला.  पडद्यावर हृदय उघडमीट करत होतं, चारही कप्पे, मधली भिंत अखंड. खोलीत माझे दोन विद्यार्थी, एक सिस्टर, आणि वनिता. सगळे ऐकत होते. 

‘कसं हाये, मॅडम?’ तिनं विचारलं.

कागद माझ्यासमोरच होता. मी तो पालथा ठेवला आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं, ‘मोनीचं हृदय एकदम चांगलं आहे. छिद्र कुठेच नाही.’